शिंगवाली सीडी

नाशिक,
१२ फेब्रुवारी २००३, बुधवार

प्रिय आई,

सोमवारपासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाय. तुझी नात मित्रा दवाखान्यात हाय. सोमवारी दुपारी चाळीच्या जिन्यावरून पडली, वरच्या कठड्यातून थेट खाली पाण्याच्या टाकीवर. हातपाय नीट हायत. कपाळाला खोक पडली ती काय मोठी नाय. पण पोटात आत कुठंतरी फुटलंय आणि रक्त आतल्या आत झिरपतंय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करावं लागेल, आणि तिला चालणाऱ्या रक्ताच्या दोन पिशव्या हातात आल्याशिवाय ते पोट उघडणार नायत. शुक्रवारपर्यंत कसंतरी थांबता येईल, त्याच्यापुढं नाय. म्हणून मी झोपत नाय. डोळा मिटला की वाटतं मी उठेपर्यंत हिचे ओठ आणखी पांढरे झालेले असतील. मग बसून नुसती ओठांकडं बघत राहते.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार ते मला ठाऊक नाय. अंगणवाडीच्या आशाताई असतील, नायतर गिरणीवाले कारभारीभाऊ असतील. जो कोणी असाल, तुम्हाला हात जोडते, मध्येच आई रडायला लागली तर थांबा, पाणी पाजा, पण काय गाळू नका. माझी सहावीपर्यंतची शाळा, अक्षर वेडंवाकडं हाय. तरी सगळं वाचा. सिन्नरचे जीपवाले केरूभाऊ सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी येतात, त्यांच्या हातात देणार हाय. पोस्टात टाकायला वेळ नाय.

तुझा जावई राजू कालच मुंबईला गेला. द्राक्षांच्या फवारणीचं काम अर्ध्यात टाकून दिंडोरीवरून तसाच आला, औषधाच्या वासाचे कपडे अंगावर, आणि तसाच गाडीत बसला. तिथल्या मोठमोठ्या रक्तपेढ्यांत फिरतोय. कालपासून दोनदा दवाखान्यातल्या फोनवर फोन केला आणि म्हणाला, अजून नाय. त्याच्या आवाजावरून मला आधीच कळतं.

आई, तुला आठवतं, मी ब्लड बँकेत झाडूपोछाला लागले तेव्हा सगळ्या कामगारांचं रक्त तपासलं होतं. तेव्हा माझं वेगळंच निघालं. बॉम्बे ग्रुप म्हणतात त्याला, दहा हजारांत एखाद्याचा. त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाय. तिथंच कारकून असलेल्या आपल्या दादाचं पण तेच निघालं. मग बँकेच्या साहेबांनी मित्राचं तपासायला लावलं, तर तिचं पण तेच. तू तेव्हा म्हणाली होतीस, आत्याच्या घरात लेक दिली त्याचं हे फळ. लागलं होतं मला ते, पण जाऊ दे. आता मी म्हणाले माझं घ्या, तर काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो. बोटातून थेंब काढून बघितला, तर रक्त पण कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझं काढलं तर आम्हाला दोन खाटा लागतील. मी हसले पण. काय करणार. जिथं मी तीन वर्षं रोज सकाळी फरशी पुसते तिथले फ्रीज पिशव्यांनी गच्च भरलेत, आणि माझ्या लेकीच्या कामाची त्यातली एक नाय.

असल्या रक्ताची अकरा माणसं आपल्या जिल्ह्यात होती. अकरा. नावं, पत्ते, फोन, कधी दिलं, परत कधी घेता येईल, सगळं लिहिलेलं होतं. पहिलं नाव दादाचं, दुसरं माझं. निफाडचे एक मास्तर होते, एक एसटीतले कंडक्टर होते. बाकीचे मला माहीत नायत. ती यादी आता कुठंच नाय. ती का नाय हे तुला आजवर कोणी खरं सांगितलं नाय. दादानं नाय, आणि मी तर नायच नाय.

आपल्या दादाला नाशिकरोडच्या क्लासात जाऊन कम्प्युटर यायला लागला, तेव्हा साहेबांनी त्याला कारकुनाच्या खुर्चीवरून उठवून कम्प्युटरच्या खोलीत बसवलं. रक्त देणाऱ्यांची सगळी नावं रजिस्टरातून काढून कम्प्युटरमध्ये घालायची होती. दादा त्याला डेटाबेस म्हणायचा, आणि ज्या मशीनवर तो राहणार त्याला सर्व्हर. ते मशीन कधी बंद पडायला नको, कारण रक्त कुणाला कधी लागेल ते सांगता येत नाय. पण मशीन नुसतं लोखंड असतं म्हणे. ते चालवायला आत एक सिस्टिम घालावी लागते. विकतची घ्यायची साहेबांची तयारी नव्हती. दादाला पण नको होती. तो म्हणायचा, जगात लोकांनी मिळून बनवलेल्या सिस्टिम हायत, फुकट, आतलं सगळं उघडं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. रक्तासारखंच हाय सरू, म्हणायचा, विकायचं नसतं, द्यायचं असतं. त्यानं पुण्याच्या एका दोस्ताकडून दोन सीडी आणल्या. एकीच्या कव्हरावर पोट सुटलेला पेंग्विन बसलेला. दुसरीवर लाल रंगाचं एक पिल्लू, डोक्यावर दोन शिंगं, मागं शेपूट, हातात त्रिशूळासारखं काहीतरी आणि पायात बूट. मित्रा तेव्हा दोन वर्षांची होती, तिला ते शिंगवालंच आवडायचं. कव्हर घेऊन झोपायची.

दोन्हीतली कुठली घालायची, हे ठरवायला त्यानं महिनाभर घेतला, आणि ते आमच्याच खोलीत केलं. कुठूनतरी एक जुनं मशीन आणलं, मोरीशेजारी मांडलं. एक सिस्टिम घालायची, आत खोटी खोटी नावं भरत राहायची, आणि भरता भरता मी मागून वायर ओढायची. लाईट गेल्यासारखी. मग परत चालू करायचं आणि बघायचं, मशीन नीट उठतं का, नावं सगळी हायत का. मला लय भीती वाटायची, तर तो म्हणायचा, दया दाखवू नको, ओढ. राजू म्हणायचा, लोकांचे भाऊ बहिणीला साडी आणतात, आमचा मेव्हणा वायर ओढायला लावतो. दादा खडूनं भिंतीवर रेघा मारायचा. पेंग्विनवाली भराभर चालायची, ती चालवता येणारे लोकही भरपूर. पण दादाकडची सीडी जुनी होती. वायर ओढली की उठायला लय वेळ घ्यायची, आत काय मोडलं ते तपासत बसायची, आणि कधीकधी थोडी नावं गेलेली असायची. शिंगवाली जरा खडूस, पण प्रत्येक वेळी उठून उभी. मी चाळीस वेळा वायर ओढली असेल आई, तिनं एकदा पण नाव सोडलं नाय. दादा म्हणाला ठरलं, हीच. आणि नायच जमलं तर पेंग्विनाची नवी सीडी मागवू. नव्यात कुठलंही काम करायच्या आधी, काय करणार ते लिहून ठेवायची सोय आलीय. दोन्ही चालतील, फक्त पेंग्विनाची ही जुनी नको.

आता पहिली चूक माझी. मी हसत हसत विमलाबाईंना सांगितलं. विमलाबाई म्हणजे नावं टाईप करायच्या त्या, साहेबांच्या जवळच्या. मी म्हणाले, आमच्या दादानं तुमच्या खोलीत शिंगंवालं पिल्लू आणायचं ठरवलंय. त्यांचं तोंडच पडलं. संध्याकाळपर्यंत साहेबांकडं गेलं. साहेबांच्या टेबलावर गणपती, मागं सरस्वती. दादाला बोलावलं. मी बाहेर फडकं पिळत होते, सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, पुण्याईच्या कामात राक्षस बसवतोस? दादा म्हणाला, साहेब, तो राक्षस नाय, ती नुसती खूण हाय, पाकिटावरचं चित्र. साहेब म्हणाले, मग दुसऱ्या पाकिटावर चांगला पक्षी हाय की. दादा म्हणाला, त्याची नवी सीडी येऊ द्या, महिना द्या. साहेब म्हणाले, पंधरा ऑगस्टला उद्घाटन हाय, पत्रिका छापल्यात, हाय ती घाल. दादानं नावांची रोज दुसरीकडं नक्कल ठेवायला आणखी एक डिस्क मागितली, तर म्हणाले, रजिस्टरं हायत की. आणि उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात स्टेजला जागा करायची म्हणून ती रजिस्टरं रद्दीवाल्याला दिली. मीच बांधून दिली, चार गठ्ठे.

त्या दिवशी दादा घरी आला तेव्हा लालबुंद होता. म्हणाला, चित्रच नको ना ह्यांना, बिनचित्राची घालतो, कुणाला कळतंय. मला ते लय आवडलं. मी तेच धरून बसले. मला वाटत राहिलं की वरवर पेंग्विन म्हणायचं, आत आपली शिंगवालीच हाय. पण दादानं तसं केलं नव्हतं. साहेबांनी सांगितली तीच घातली, कारण त्याला खोटं जमत नाय. माझ्या सख्ख्या भावाला खोटं जमत नाय हे मला कळायला पाहिजे होतं आई. मला स्वतःला जमतं, म्हणून मला वाटलं त्याला पण जमेल. त्यानं स्विचच्या वर कागद लावला, बंद करू नये. सगळ्यांना बसवून सांगितलं. मला वेगळं सांगितलं नाय, त्याला वाटलं सरूला सगळं माहीत हाय. आणि मला वाटलं कागद बाकीच्यांसाठी हाय.

मग दसरा आला. दादा आपल्या कॉलनीतल्या लोकांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेला, दरवर्षीसारखा. खंडेनवमीच्या दिवशी इकडं बँकेत सगळी यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे. विमलाबाई म्हणाल्या, सरिता, फ्रीज सोडून सगळं बंद कर, पुसून घे. मी म्हणाले, दादानं कागद लावलाय. तर म्हणाल्या, अगं, यंत्राला वर्षातून एक दिवस विसावा नको? तुमच्यात नसेल, आमच्यात असतो. चार जणी हसल्या. मला ते तुमच्यात आमच्यात असं लागलं आई, की मी तडक आत गेले. विमलाबाईंनी आदल्या दिवशीच्या शिबिराची नावं भरायला घेतलेली, अर्धवट सोडून हारांकडं गेल्या होत्या. मशीनचा तो बारका दिवा लुकलुकत होता, म्हणजे आत काम चालू. मी बघितला. मला माहीत होतं तो दिवा म्हणजे काय. पण चाळीस वेळा ओढलेली ना मी वायर. चाळीस वेळा ती उठली ना. लाईट गेली तरी मशीन चालू ठेवणारी बॅटरी खाली होती, तिचं लाल बटण मी दाबलं. मी दाबलं. पुसलं, मशीनला आणि त्या बटणाला कुंकू लावलं, हार घातला, आणि बाहेर येऊन पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी चालू केलं तर काळा पडदा, आणि इंग्रजीत प्रश्न. एकामागून एक. हो का नाय, हो का नाय. विमलाबाई म्हणाल्या, मशीन विचारतंय म्हणजे हो म्हणायचं असतं. आणि हो हो दाबत गेल्या. मी मागं उभी होते, किती हो झाले मोजले नायत. थांबा, दादाला येऊ द्या, एवढं म्हणायला पाहिजे होतं. नाय म्हणाले. शेवटी मशीन उठलं. आत नावं नव्हती. नुसती मोडलेली अक्षरं.

दादा नागपूरवरून आला तो सरळ साहेबांच्या खोलीत. सगळ्यांना बोलावलं. साहेब म्हणाले, फुकटचं ते फुकटचंच, आणि वर तू मशीन सोडून गावभर फिरतोस. दादा म्हणाला, कुणी स्विच बंद केला का एवढं सांगा, मशीनचा दोष नाय, सिस्टिमचा पण नाय, कुणीतरी चालू कामात वीज तोडलीय. साहेबांनी एकेकाला विचारलं. विमलाबाई म्हणाल्या, आम्ही कोणी हात लावला नाय. मग मला विचारलं. सरिता, तू? आई, तेव्हा राजूला तीन महिने काम नव्हतं. विमलाबाई आधीच मला मोरीपाशी गाठून म्हणाल्या होत्या, बोललीस तर भाऊ तर जाईलच, तू पण जाशील. मी खाली बघून म्हणाले, मी नाय. दादा माझ्याकडं बघत होता. लाल बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं त्यानं बघितलं होतं, माझं बोट त्याला ओळखू येत नाय का? पण तो माझं नाव बोलला नाय. नोकरी गेली त्याची. वर कागद दिला, निष्काळजीपणा केला म्हणून. पुढं कुठं काम मागायला गेला की तो कागद पुढं यायचा.

घरी आल्यावर त्यानं भिंतीवरच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या. मला शिव्या दिल्या नायत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, सरू, चूक कुणाची पण होते, त्याचं मला काय नाय. पण चार माणसांत तू नाय म्हणालीस. ज्या दिवशी चार माणसांत हो म्हणशील, त्या दिवशी मी तुझा भाऊ. तोवर मला फोन करू नको. आणि पुण्याला गेला. तो पण काय कमी नाय आई. त्याला माहीत होतं, तर तिथंच का नाय बोलला? मला वाचवली आणि मग आयुष्यभराची शिक्षा दिली. असला मोठेपणा मला नको होता. दोन कानाखाली मारायच्या आणि विसरायचं, बाकीच्यांचे भाऊ असंच करतात.

आणि त्याच्यावर मी काय केलं ते तुला माहीतच हाय. मागच्या चौदा एप्रिलला त्याच्या पुण्याच्या ऑफिसात फोन लावला आणि आई सिरीयस हाय म्हणाले. तो रात्रभर एसटीत उभा राहून आला, आणि तू ओट्यावर मिरच्या निवडत बसलेली. मला वाटलं, समोरासमोर आला की विरघळेल. तो चहा न पिता गेला. ऑफिस बदललं, नंबर बदलला. नवा नंबर तुझ्याकडं बाबासाहेबांच्या फोटोमागं लिहून ठेवलाय आणि सरूला द्यायचा नाय म्हणून तुला शपथ घातलीय, हे मला माहीत हाय. तू ती शपथ पाळलीस. तू पण शेवटी त्याचीच आई.

काल साहेब वॉर्डात आले. मित्राच्या खाटेपाशी उभे राहिले, आणि हळूच विचारलं, तुझ्या भावाचा काही पत्ता हाय का गं? त्याला ती अकरा नावं आठवत असतील. मला वाटलं बादलीतलं पाणी त्यांच्या अंगावर ओतावं. पण मी उठून उभी राहिले आणि तिथंच म्हणाले, साहेब, तो स्विच मी बंद केला होता, विमलाबाईंनी सांगितलं म्हणून. सिस्टर होत्या, शेजारच्या खाटेवरची म्हातारी होती, साहेब होते. साहेब म्हणाले, आता त्या जुन्या गोष्टी कशाला. एवढंच. भावाची नोकरी गेली, नाव गेलं, आणि त्यांना ती जुनी गोष्ट. पण माझं बोलून झालं. तीनच माणसं होती. चौथं तिथं कोणी नव्हतं.

म्हणून हे पत्र लिहिलं आई. माझा आवाज ऐकला तर दादा फोन ठेवून देईल. तू बोललीस तरी त्याला वाटेल सरूनं परत खोटं शिकवून पाठवलंय. म्हणून तुमच्याशी बोलते, जे हे वाचताय त्यांच्याशी. तुम्ही आमच्या घरातले नाय, तुमचं तो ऐकेल. शेजारच्या फुलाबाईंना बोलवा, चिमणाबाईंना बोलवा, आणखी कोण ओट्यावर असेल त्यांना बोलवा, आणि मी बटण दाबलं तेवढा भाग सगळ्यांसमोर परत एकदा मोठ्यानं वाचा. मला चोर म्हणायचं असेल तर म्हणा, माझं काय नाय. मग आईला फोटो उतरवायला सांगा. शपथ मोडल्याचं पाप माझ्यावर. नंबर घ्या, फाट्यावरच्या एसटीडीवर जा आणि त्याला सांगा, सरूनं चार माणसांत हो म्हटलंय, आम्ही ऐकलंय. सांगा, मित्राला तुझं रक्त पाहिजे, शुक्रवारच्या आत. बाकीच्यांची नावं त्यानं स्वतः एकेकाला फोन करून भरली होती, त्यातलं एक आठवलं तरी पुरे. दवाखान्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, तो त्याला द्या, म्हणजे तो स्वतः विचारून खात्री करेल. त्यानं माझ्याशी बोलू नये. रक्त देऊन मागच्या दारानं जावं, मी समोर येणार नाय. तुमचं नाव मला माहीत नाय, पण तुमच्या पाया पडते, पत्र खाली ठेवायच्या आधी आमच्या दादाला, बुद्धभूषणला फोन करा.

तुझीच,
सरू